तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात झोपून गारठलो नाही का?

“पोरांना घेऊन बर्फाच्या ढिगात रात्र काढलीत? गारठला नाहीत?” फोटो पाहिले की प्रत्येक जण हेच विचारतो. तर ऐका. रात्री गारठलो नाही. दुपारी भिजलो, आणि रात्रीचा सगळा ताप त्या भिजण्यापायी झाला.

आधी एक खुलासा. ते इग्लू नव्हतं. इग्लूसाठी वाऱ्याने दाबून कडक झालेला बर्फ लागतो, त्याच्या विटा कापता येतात. आमच्या वाट्याला आला होता भुसभुशीत, मुठीतून सांडणारा. तसल्या बर्फाची क्विन्झी करतात. फावड्याने पुरुषभर उंचीचा ढीग रचायचा, दोनेक तास त्याला हात लावायचा नाही आणि मग आतून पोखरायचा. फावड्याच्या उलथापालथीत बर्फाचे कण मोडतात, एकमेकांत मिसळतात आणि थांबलं तर एकमेकांना धरून बसतात. न थांबता पोखरायला घेतलं, तर ढीग पोखरणाऱ्याच्याच अंगावर यायचा. सात वर्षांच्या मुलाला हे पटवून देण्यात ते दोन तास गेले.

भिंत किती जाड ठेवायची याची युक्ती मला फार आवडली. फूटभर लांबीच्या काड्या ढिगात चहूबाजूंनी खोचून ठेवायच्या. आतून खणताना काडीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं. काड्या मोजून-मापून तोडण्याचं काम मुलीने घेतलं होतं. मापात न बसलेल्या तिने परत केल्या, माझ्यासुद्धा.

खणणं नवऱ्याकडे. उताणं पडून खणायचं, त्यामुळे बर्फ कॉलरमधून थेट पाठीवर. त्यात त्याने जाड जॅकेट काढलं नाही, म्हणजे आतून घाम आणि बाहेरून बर्फ. बाहेर आला तेव्हा पिळून काढावा असा झाला होता. सुके कपडे भरताना मी मुलांचे तीन-तीन जोड घेतले आणि आम्हा दोघांत मिळून मोज्यांचा एकच जास्तीचा जोड. तो कोणी घालायचा यावरून जे बोलणं झालं ते इथे सांगत नाही.

रात्री बाहेर उणे १४ होतं, आत शून्याच्या आसपास. बर्फात मुळात हवाच जास्त. ती अडकून पडते आणि चार माणसांची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दार झोपायच्या ओट्यापेक्षा खाली ठेवायचं, म्हणजे गार हवा खाली उतरते. आमचा ओटा दमल्यामुळे वीतभरच झाला. छताला मात्र हवेसाठी मुठीएवढं भोक ठेवलं होतं आणि रात्रीतून दोनदा काठी घालून ते मोकळं आहे ना, हे पाहिलं. स्टोव्ह बाहेरच पेटवला. फावडं आत घेतलं, दार बुजलं तर खणून निघायला. या तीन गोष्टींत तडजोड नाही.

छत गुळगुळीत घासून घ्यायचं असतं, म्हणजे वितळलेलं पाणी भिंतीवरून ओघळतं. एक उंचवटा माझ्याकडून राहिला. तो बरोबर माझ्या कपाळावर ठिबकत होता.

खरी कसोटी तीन वाजता लागली. मुलाला लघवीला जायचं होतं. स्लीपिंग बॅगमधून निघणं, अंधारात बूट शोधणं, त्या बिळातून रांगत बाहेर पडणं! त्याचं दोन मिनिटांत झालं. पुन्हा झोपायला मला तासभर लागला.

सकाळी छत चांगलं चार बोटं खाली आलं होतं. निघताना ते पाडून टाकावं लागतं, नाहीतर उगाच कोणी वर चढायचा आणि आत कोसळायचा. दोन्ही मुलं वर नाचली, तरी ढिम्म. शेवटी बाप चढला तेव्हा कुठे बसलं. मुलगी ढिगाऱ्यातून आपल्या काड्या वेचत राहिली. एक कमी भरली.