हयातीचा दाखला

बँकेत माझ्याकडे पेन्शनचं टेबल आहे. दर नोव्हेंबरला माणसं समोर येऊन उभी राहतात आणि मी त्यांच्याकडे ती जिवंत असल्याचा पुरावा मागतो. समोरचा खोकत असतो, माझ्याच बाटलीतलं पाणी पीत असतो, तरी कागद लागतोच. आळंदीहून निघताना डोक्यात हेच घोळत होतं. 1296 साली समाधी घेतलेल्या माउलींना आपण आजही संजीवन म्हणतो आणि दाखला कुणीच मागत नाही.

द्यायला मात्र एक जण टपलेले होते. आमच्याच दिंडीतले निवृत्त इंजिनिअर. भिंत कशी चालली, रेड्याच्या मुखातून वेद कसे निघाले, सगळ्याची शास्त्रीय उत्तरं तयार. लहरी, कंपनं, चुंबकत्व. "सिद्ध झालंय हे." कुणी केलं विचारलं, तर ग्रुपवर आलं होतं. पुण्यापासून हडपसरपर्यंत हेच. रेडा बोलला, एवढंच म्हणाले असते तर मी निमूट टाळ वाजवला असता.

मग दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लागल्या, लोक नाचत चढत होते आणि मी टाच सांभाळत होतो. माथ्यावर पोचेतो ओल्या मोज्यात रुपयाएवढा फोड आलेला. सासवड अजून लांब. दिंडी पुढे गेली. इंजिनिअर जाताना 'पादत्राणांची निवड' या विषयावर दोन वाक्यं बोलून गेले. उभ्या ट्रकच्या आडोशाला बसलो. नाकाशी डिझेल, कानाशी दुसऱ्याच कुणाचा तरी गजर. खरं सांगतो, त्या घटकेला विठ्ठल असला काय, नसला काय, मला फरक पडत नव्हता.

एक म्हातारी थांबली. डोक्यावरचं तुळशीवृंदावन सोबतिणीकडे दिलं आणि विचारण्याच्या भानगडीत न पडता माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

"अहो मावशी, पाय नको..."

"गप ऱ्हा, माउली. लई गोरामोरा झालास."

कमरेच्या पिशवीतून सुई निघाली, काळ्या दोऱ्याचं रीळ निघालं. काडी ओढून सुई जाळावर धरली. दोऱ्याचं टोक जिभेला लावलं तेव्हा माझ्या मनात धनुर्वात येऊन गेला. तीनदा नेम चुकला, चौथ्यांदा दोरा ओवला. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली, दोरा आत तसाच ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं राखली. पाणी दोऱ्यावाटे निथळायला लागलं.

"कातडं वढून काढू नगंस. आपसूक वाळंल."

तेव्हा तिचा अंगठा दिसला. गुळगुळीत. असे अंगठे मी ओळखतो.

"मावशी, मशीनवर उमटतो का हा?"

"कशाचा! निराधारचं पैसं काढाया गेले तर मिशिन म्हणतं, ही बाई ती न्हवंच." ती हसली. "खुरपून खुरपून गेल्या रेघा."

मग कशाला कोण जाणे, मीच विचारलं, "रेडा खरंच बोलला असेल का हो?"

सुई पिशवीत टाकत ती म्हणाली, "म्या कुठं व्हते तवा?"

आणि वाकून माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. मी पाय मागे घेईपर्यंत वृंदावन पुन्हा डोक्यावर होतं. नाव विचारायचं राहिलं.

जेजुरी, वाल्हे, नीरास्नान. पुढचे मुक्काम एकमेकांत मिसळलेत. कुठल्याशा गावात रात्रभर तंबू गळला आणि मी सगळ्यांवर खेकसलो. गोल रिंगणात माउलींचा अश्व रिकाम्या खोगिरानं दौडत गेला. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. एकाला कोपर मारून मी टापांखालची माती उचलली एवढं खरं. कपाळाला लावून मान वर केली तर शेजारी इंजिनिअर. त्यांचंही कपाळ मातीनं भरलेलं. पहिल्यांदाच गप्प.

वाखरीला त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ही मात्र पक्की होती. विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख. शके 1195 ते 1199, रामचंद्र यादवाचा काळ. देवाला दान देणाऱ्यांची नावं त्यावर कोरलेली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी माणसं इथे येऊन पदरचं देत होती, हे दगडात लिहिलेलं. आणि नेमकी त्याच दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असं लोकांनी धरलं. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या. अक्षरं झिजली.

"केवढा पुरावा घालवला हो!" ते कळवळून म्हणाले.

"घासून घासून गेल्या रेघा," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही.

एकादशीला कळसाचंच दर्शन झालं. शिलालेखापर्यंत काही पोचलो नाही.

घरी पिशवी उपसताना बायकोनं विचारलं, बुक्क्याच्या डबीत हा काळा दोरा कसला, टाकू का?

राहू दे म्हटलं.