मदतनीस नको, मित्र हवेत

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर त्याचा पुरेसा ताबा नाही. तो बोलत नाही. पडद्यावरच्या चित्रांवर नजर रोखून शब्द निवडतो, यंत्र ते उच्चारतं. वर्गातली मुलं त्याची व्हीलचेअर ढकलतात, दप्तर उचलतात. सुट्टीत मात्र कुणी त्याला बोलावत नाही. हा सल मला फार आहे.

मुलं दुष्ट नाहीत, हे मी ठामपणे सांगते. त्यांना भीती वाटते ती काहीतरी चुकीचं बोलण्याची, त्याच्या उत्तराची वाट पाहताना काय करायचं याची. शिवाय शेजारी सतत मदतनीस बाई. त्या प्रेमळ आहेत, पण मोठ्या माणसासमोर गुपितं कोण सांगणार?

नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत; बरोबरीचं नातं आणि एकत्र करायचं काम लागतं, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. भावाला ते शाळेच्या नाटकात मिळालं. दिवे कधी बदलायचे, हा इशारा तोच देतो. उशीर झाला की एक मुलगी त्याच्यावर चक्क ओरडते. मला ती मनापासून आवडते! त्याच्या यंत्रातले शब्द आम्ही मोठ्यांनी भरलेत, त्यात टोमणे नाहीत, चिडवाचिडवी नाही, हे तिनेच दाखवून दिलं. आता यादी ती दोघं करताहेत. आई कुरकुरतेय. मी सगळे शब्द भरणार आहे.