पहिलं विमान: तिसऱ्या रविवारपर्यंतची नोंद

काल सकाळी माझं रिमोटवर उडणारं छोटं विमान सलग 6 मिनिटं हवेत राहिलं आणि जिथून सोडलं त्याच माळावर उतरलं. प्रोपेलरही शाबूत! म्हणून आजची नोंद जरा सविस्तर.

मन खरं तर स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) मॉडेलवर बसलं होतं. देखणं आहेच ते. पण पंख धडाच्या खालच्या बाजूला, उतरतानाचा वेग जास्त, आणि चूक झाली की सावरायला सवड मिळत नाही. शिकायला असं विमान हवं की रिमोटच्या स्टिक (दांड्या) सोडल्या की ते आपलं आपण सरळ होईल. म्हणून हाय-विंग ट्रेनर, म्हणजे धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान, घेतला. पंख 1.2 मीटरचा, दोन्ही टोकं 6-6 सेंमी उचललेली. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) नाहीत; रडर (डावं-उजवं वळवणारी शेपटीची उभी पट्टी), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी), थ्रॉटल (मोटरचा वेग), एवढंच. रडर दिला की उचललेल्या टोकांमुळे विमान कलतं आणि वळतं.

सांगाडा घरीच केला, 5 मिमीच्या कागदी फोमबोर्डचा. सनबोर्ड (प्लॅस्टिकचा फोम-पत्रा) मजबूत असतो, पण फार जड पडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. 2212 आकाराची मोटर (1000 केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 3 सेलची 2200 एमएएच बॅटरी. सगळं मिळून 780 ग्रॅम. पंखाचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर 32 ग्रॅमच्या आसपास भार. त्यामुळे ते सावकाश तरंगतं, आणि विचार करायला वेळ मिळतो.

पहिल्या रविवारी मात्र हातातून सुटताच नाक वर, एक क्षण थबकलं, आणि शेजारच्या उभ्या उसात. शोधायला पाऊण तास लागला, पाचटानं हात सोलवटले. चूक तोलाची, म्हणजे विमान ज्या बिंदूवर समतोल राहतं त्याची होती. पंखाची रुंदी 20 सेंमी, तर तोल पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंमीवर यायला हवा. माझा 8 वर होता. पंखाखाली दोन बोटं धरून उचललं तेव्हा शेपटी सरळ खाली गेली. हे मी घरीच पाहायला हवं होतं. बॅटरी पुढे सरकवली, तोल साडेपाचवर आणला, तेव्हापासून ते नाक उचलत नाही. पंख रबरबँडनं बांधला होता म्हणून त्या आपटण्यात तो निसटून बाजूला पडला, मोडला नाही. स्क्रूनं आवळला असता तर नक्की तुटला असता.

दुसरी अडचण सगळ्यांनाच येते: विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. पिकासिमवर (विमान उडवायचा सराव देणारं सॉफ्टवेअर) 15 तास घालवले तरी माळावर हात गोंधळतोच. मला एकच युक्ती कामी आली. जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक द्यायची, जणू त्याला खालून टेकू लावतोय. दुसऱ्या रविवारी हे मनात घोकत होतो, काल हात आपसूक गेला.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळी 8 च्या आतच उडवतो, आणि सोडतो नेहमी वाऱ्याकडे तोंड करून. टायमर 6 मिनिटांचा. विमान तेवढ्यावरच उतरवतो आणि घरी आल्यावर बॅटरीचा दर सेल 3.8 व्होल्टला आणून ठेवतो.

एलेरॉनचा पंख कापून तयार आहे. पण डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी चौकोनी फेरी नीट येईपर्यंत तो भिंतीला टेकूनच राहील.