लग्नाचा दाखला नाही म्हणून अडलेलं पेन्शन

ऑगस्ट 2023 मध्ये माझे मिस्टर गेले. कामावरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. मुलगी साडेनऊ वर्षांची होती, मुलगा पाचचा. सासू-सासरे आधीच गेलेले. माझी कमाई म्हणजे सकाळच्या चाळीस पोळ्यांची.

आता घर नीट चाललंय. मला नोकरी आहे, भाडं वेळेवर जातं, फीसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण इथवर येताना दहा महिने पीएफ ऑफिसच्या एका खिडकीपुढे गेले. ती वेळ दुसऱ्या कुणा बाईवर येऊ नये म्हणून लिहितेय.

पहिले दोन लाख मात्र सहज मिळाले. दिवस झाल्यावर त्यांचं पासबुक चाळत होते. मे महिन्यात 436 रुपये कापलेले दिसले, पुढे इंग्रजीतली काही अक्षरं. बँकेतल्या मॅडमनी बघून सांगितलं, हा पंतप्रधान जीवन ज्योती विमा आहे, दोन लाखांचा. मृत्यू दाखला, आधार आणि फॉर्म दिला, पैसे जमा झाले. म्हणून माणूस गेल्यावर त्याच्या पासबुकातली प्रत्येक ओळ बघा, मे-जूनच्या नोंदी तर नक्कीच.

खरं अडलं ते पीएफला. मिस्टर 2009 पासून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. पीएफ मिळतो एवढंच मला माहीत होतं. त्याच खात्यावर विमाही असतो, कामगाराला त्याचा एक पैसा भरावा लागत नाही आणि तो सात लाखांपर्यंत मिळू शकतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय नोकरीत असताना माणूस गेला तर बायकोला महिन्याला पेन्शन आणि दोन मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळं पेन्शन. अर्ज तीन असतात. पीएफसाठी फॉर्म 20, विम्यासाठी 5 आयएफ, पेन्शनसाठी 10 डी. तिन्ही एकदमच द्या. मी आधी एकटा वीस नंबरचा दिला आणि एक महिना वाया घालवला.

नॉमिनी म्हणून माझ्या दिरांचं नाव निघालं. लग्नाआधी भरलेला कागद, नंतर कुणी बदललाच नाही. भाऊजींनी लगेच लिहून दिलं की पैशावर हक्क वहिनी आणि मुलांचा. नियमही तोच आहे. लग्न झालं की भावाच्या नावाचं आधीचं नॉमिनेशन रद्द धरतात आणि रक्कम बायको-मुलांत सारखी वाटली जाते. पण खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ते ठीक आहे. पण तुम्ही त्यांच्या पत्नी कशावरून?"

माझ्या आधारवर माहेरचं नाव होतं. रेशनकार्डावर सासरचं. लग्न 2011 मध्ये गावी मांडवात लागलं, चारशे माणूस जेवलं, पण नोंदणी कुणी केली नाही. आता ती करायची तर शेजारी उभं राहायला नवरा नाही. बारा वर्षांचा संसार, दोन लेकरं, आणि मी बायको आहे हे मला सिद्ध करायचं होतं. त्या दिवशी जिन्यात बसून रडले.

शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं. ते चालणार नाही म्हणाले. मुलीचा जन्मदाखला दाखवला, त्यावर आईच्या जागी माझं माहेरचंच नाव. कारखान्याची सही हवी म्हणून तिकडे गेले तर एचआरचे साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी, ऑडिट चालू आहे. गेटवरच्या वॉचमनना माझं तोंड पाठ झालं होतं, ते आपली खुर्ची मला द्यायचे. अशा चार फेऱ्या झाल्यावर कळलं, मालक सही देत नसेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरचीही सही चालते. हे त्या खिडकीवर कुणीही सांगितलं असतं तर माझी रोजची दुपार वाचली असती.

नावाची गाठ सुटली ती राजपत्रामुळे. सेतूतल्या मुलीने सुचवलं, ताई, लग्नानंतर नाव बदललं अशी जाहिरात शासनाच्या राजपत्रात द्या. ऑनलाइन अर्ज केला. छापून आल्यावर त्यात जुनं आणि नवं नाव एकाखाली एक दिसलं. त्यावर आधार दुरुस्त केलं, मग बँक, मग पॅन. क्रम हाच ठेवा, आधी आधार.

तरी अर्ज परत आला. कारण, पासबुकच्या झेरॉक्सवर नाव पुसट. ते दिलं, पुन्हा परत, मुलांच्या नावाची खाती नाहीत. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! दर वेळी एकच चूक दाखवायची आणि बाईला पोळ्या टाकून, लेकरू शेजारी ठेवून पुन्हा यायला लावायचं, याचा राग माझा अजून गेलेला नाही. शेवटी मी साध्या कागदावर लिहिलं, "माझ्या अर्जात काय काय कमी आहे ते एकदाच लेखी कळवावे," आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच मागितली. द्यायला का-कू केली, मी हलले नाही. पोच मिळाली आणि बोलणंही बदललं. पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफ ऑफिसचं "निधी आपके निकट" नावाचं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसून ऐकतात. माझं शेवटचं काम तिथेच झालं.

जून 2024 मध्ये पेन्शन सुरू झालं. मला दोन हजार चारशेच्या आसपास, मुलांना त्याच्या पंचवीस टक्के म्हणजे सहाशे-सहाशे. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनचं थकलेलं एकरकमी आलं. रक्कम मोठी नाही, पण तिन्ही पासबुकं पुढे ठेवून मी किती तरी वेळ बसले होते.

विम्याच्या पैशांना हात लावला नाही. माझा हिस्सा चार एफडींत ठेवला, वेगवेगळ्या मुदतीच्या, म्हणजे गरज लागली तर एकच मोडता येते. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात पडून आहे. उसने मागणारे आले, मी स्पष्ट नाही म्हटलं. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही करा, एका मुलामागे महिन्याला 2,250 रुपये आहेत. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधी काढून ठेवा.

आता मी किराणा होलसेलमध्ये बिलिंगला आहे, माझाही पीएफ कापला जातो. पहिल्याच आठवड्यात मोबाइलवरून ई-नॉमिनेशन भरलं. त्याला मालकाची सही लागत नाही, आधारचा ओटीपी पुरतो. तुमच्या घरात आज नवरा-बायको दोघं असाल तर आज रात्रीच ते उघडून बघा, आणि लग्नाची नोंद राहिली असेल तर दोघं मिळून जाऊन करून या.

सुकन्या खातं मुलीला दहा पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं. तिचा वाढदिवस मार्च 2024 मध्ये होता आणि पीएफच्या विम्याचे पैसे तेव्हा अडकलेले होते. फेब्रुवारीच्या शेवटी पोळ्यांचे अडीचशे रुपये घेऊन पोस्टात गेले आणि तेवढ्यावरच खातं उघडलं. आता त्यात दर महिन्याला हजार जातात. स्लिप तीच भरते.