घट्ट चक्का, पण आंबट नाही

श्रीखंडाचा चक्का घट्ट व्हावा, पण आंबट होऊ नये म्हणून काय करता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पाडवा जवळ आला की पंचवटीतल्या आमच्या शेजारणी हमखास विचारतात, "तुमचा चक्का इतका घट्ट, तरी आंबट कसा नाही?"

सगळ्यांचं लक्ष टांगण्याकडे असतं. माझं दुधाकडे. म्हशीचं दूध उकळलं की मंद गॅसवर आणखी 10 मिनिटं ढवळत ठेवते. त्या उष्णतेनं एरवी निवळीबरोबर वाहून जाणारी प्रथिनं केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, धरून राहतात, दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सोडतं. मग करंगळी बुडवावी. चटका न बसता ऊब लागली, की लिटरला एक लहान चमचा विरजण. नाशिकच्या थंडीत पातेलं शालीत गुंडाळूनसुद्धा 10-12 तास लागतात, पाडव्याच्या सुमारास ओट्यावर पाच-सहा तासांत दही तयार.

आणि तयार झालं की लगेच फ्रिजमध्ये. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी रात्रभर दही नळाला टांगून ठेवलं होतं. सकाळी चक्का घट्ट, पण दात आंबतील असा. साखर वाढवत गेले तसं श्रीखंड पातळ होत गेलं, आणि मी रडवेली. सासूबाईंनी चाखून एवढंच म्हटलं, "अगं, दही टांगलंस, पण आंबणं थांबवलं नाहीस." उबेत जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतच राहतात. गारव्यात ते मंदावतात.

तेव्हापासून सुती पंचा ओला करून पिळते, चाळणीत पसरते, खाली पातेलं, आणि हे सगळं रात्रभर फ्रिजमध्येच. पहिले दोन तास मुळीच दाबायचं नाही, नाहीतर दही कापडातून बाहेर येतं. नंतर वर ताटली आणि पाण्यानं भरलेला तांब्या. निवळी पिवळसर-हिरवट, नितळ हवी. पांढरट आली तर दही नीट लागायच्या आधीच ओतलं, असं समजावं. ती फेकू नका हो, थालीपीठाचं पीठ तिच्यात भिजवा.

लिटरभर दुधाचा साधारण 400 ग्रॅम चक्का निघतो. पंचा उलगडताना तो कापडापासून अलगद सुटतो, आणि त्याच्यावर विणीची बारीक चौकट उमटलेली असते. ती दिसली की मी वेलची सोलायला घेते.