कोजागिरी, मसाला दूध आणि अण्णांचा डास

आमच्या परळच्या चाळीत गणपती दणक्यात व्हायचा, पण मला विचाराल तर मंडळाचा खरा कार्यक्रम म्हणजे कोजागिरी. गणपतीत काय, अख्खा परळ-लालबाग रस्त्यावर, कोण कुठला पत्ता नाही. कोजागिरीला मात्र गच्चीवर फक्त चाळ. सतरंज्या, भेंड्यांचे दोन तट, पोरींचा भोंडला (तो खरंतर नवरात्रातला, पण आमच्याकडे हौसेखातर परत व्हायचा), स्टोव्हवर मोठ्या टोपात आटणारं दूध, आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूला ट्यूबलाइटखाली अण्णांचा कोपरा.

अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ८२ चा संप झाला, गिरणी काही परत नीट चालू झाली नाही आणि अण्णांकडे वेळच वेळ झाला, मग जुना पोस्टाच्या तिकिटांचा नाद त्यांनी असा काही वाढवला की काकी म्हणायच्या, घरात खायला काय आहे ते विचारू नका, तिकिटं किती ते विचारा. कुणाकडे पत्र आलं की पाकीट अण्णांकडे जायचं. घमेल्यात पाणी, पाण्यात पाकिटांचे तुकडे, तिकीट आपोआप सुटून वर आलं की चिमट्याने उचलायचं, पेपरवर पालथं वाळवायचं आणि मग पाट्याखाली दाबून ठेवायचं. बोटाने उचललं तर हातावर चापट बसायची.

दर कोजागिरीला अण्णा एक विषय घेऊन बसायचे. एका वर्षी पक्षी, एका वर्षी रेल्वे. पण मला आठवते ती ९४ ची कोजागिरी.

त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला होता. गणपती नुकतेच गेलेले, आणि सुरतेहून गाड्या भरभरून लोक मुंबईत उतरतायत असं जो तो सांगत होता. केमिस्टकडे टेट्रासायक्लीन मिळेना, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले, आणि जिन्यात मेलेला उंदीर दिसला की अख्खा मजला बाहेर. कोजागिरी करायची की नाही यावर मंडळाची मीटिंग झाली, तीत निम्मे लोक आले नाहीत म्हणजे उत्तर मिळालंच होतं, पण अण्णा म्हणाले, "अरे हापकिनच्या सावलीत राहता आणि प्लेगला घाबरता?"

हापकिन म्हणजे आमच्यासाठी बस स्टॉप, आणि कुत्रा चावला की लोक ज्याचं नाव घ्यायचे ती जागा. तो माणूस होता हे मला त्या रात्री कळलं. अण्णांनी अल्बम उघडला, पहिल्याच पानावर १९६४ चं तिकीट, वॉल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत कॉलऱ्याची लस केली, ९३ साली, म्हणजे १८९३, हिंदुस्थानात आला. ९६ ला मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला तो पहिल्यांदा ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी, आणि मग सरकारने हाफकिनला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली नि एक व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्याने तीनेक महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना. अण्णा हे असं सांगायचे की जणू काही शेजारच्या खोलीत घडलंय, आणि खरं सांगायचं तर फार लांब नव्हतंच, १८९९ ला त्याची लॅब आपल्या परळला आली ती अजून तिथेच आहे.

पुढे १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली आणि खापर फुटलं हाफकिनवर. चूक लॅबची नव्हती, तिथे बाटली उघडताना घोळ झाला होता, पण निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ ला. अण्णांचा आवाज इथे नेहमी चढायचा. "कामावरून काढताना यांना एक दिवस पुरतो, आणि चूक झाली म्हणायला पाच वर्षं!" आता हे ते हाफकिनबद्दल बोलत होते की गिरणीबद्दल, हे आजूबाजूला बसलेल्या कुणालाही विचारायची गरज नव्हती.

तर मी पुढे वाकून बघत होतो, हातात दुधाचा ग्लास, आणि सांडलं. नेमकं हाफकिनवर. मला वाटलं आता संपलं. अण्णांनी शांतपणे टीपकागद लावला, तिकीट उचललं, एका कोपऱ्याला केशराचा पिवळा डाग राहिला तो राहिलाच. "असू दे," म्हणाले, "प्लेगच्या वर्षीची कोजागिरी आहे, खूण पाहिजे."

पुढच्या पानावर डास होता. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाविरुद्ध मोहीम काढली तेव्हा शंभरावर देशांनी एकाच चिन्हाची तिकिटं काढली, पृथ्वीचा गोल, काठीला गुंडाळलेला साप आणि डास. अण्णांकडे तेवीस देशांचे डास होते. पोरं भिंगातून बघायची आणि पायावर खरे डास चावत बसायचे, कारण टाकीचं झाकण फुटलं होतं आणि मंडळाच्या अजेंड्यावर तो विषय किती वर्षं होता देव जाणे.

देवी रोगाचं तिकीट निघालं की बायका पुढे सरकायच्या. संयुक्त राष्ट्रांनी १९७८ ला काढलेलं, देवी जगातून गेल्याची पक्की घोषणा त्यानंतर ८० च्या मे महिन्यात झाली. मग दंडावरचे टोचल्याचे व्रण दाखवायचा कार्यक्रम, कुणाचा मोठा, कुणाचे दोन. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या तोंडावरच व्रण होते, त्या काही बोलायच्या नाहीत, दूध ढवळत बसायच्या.

एक माझी फजिती पण सांगतो. शाळेत २ ऑक्टोबरच्या सुमाराला टीबीची सीलं विकायला द्यायचे, तो दुहेरी आडव्या दांड्याचा क्रॉस असलेली. दिसायला डिट्टो पोस्टाचं तिकीट. मी एक सील पाकिटावर डकवून गावच्या आत्याला पत्र धाडलं. ते बेरंग गेलं, आत्याला दुप्पट पैसे भरावे लागले आणि तिने ते दिवाळीत सगळ्यांसमोर वसूल केले. अण्णा मात्र खूश, ते पाकीट त्यांनी मागून घेतलं. वर म्हणाले, ही आयडियाच मुळात पोस्टातल्या माणसाची, डेन्मार्कमधला होल्बोल नावाचा क्लार्क, १९०४ च्या ख्रिसमसला त्याने पहिलं सील काढलं, तेव्हा पोस्टाची दिशाभूल करणारा तू पहिला नाहीस.

अण्णा गेले, चाळीचा टॉवर झाला. अल्बम काकींनी मला दिला, काही न बोलता, वर्तमानपत्रात गुंडाळून. २०२० ची कोजागिरी मोबाइलवर झाली, जो तो आपापल्या खिडकीत ग्लास घेऊन, अर्ध्यांचा आवाज म्यूट. २०२२ ला मात्र टॉवरच्या टेरेसवर पुन्हा जमलो आणि मी पहिल्यांदा अण्णांच्या जागी बसलो, म्हणजे टाकीच्या बाजूला, टाकी आता सिंटेक्सची.

माझ्याकडे नवीन दोनच होती. एक आपल्या पोस्टाचं, लसीकरणाला वर्ष झालं तेव्हा, १६ जानेवारी २०२२ ला काढलेलं, त्यावर कोव्हॅक्सिन. दुसरं मामेभावाने व्हिएन्नाहून आणलेलं. ऑस्ट्रियाच्या पोस्टाने २०२० ला हे तिकीट चक्क टॉयलेट पेपरवर छापलं, लॉकडाऊनमध्ये लोकांनी त्याचीच साठेबाजी केली म्हणून. वर हत्तीचं पिल्लू, कारण तिकडे दोन माणसांत एका पिल्लाएवढं अंतर ठेवा असं सांगत होते. दहा सेंटिमीटरचा चौकोन, असे दहा ओळीने ठेवले की एक मीटर. पावणेतीन युरोचं तिकीट आणि वर तेवढीच देणगी.

पोरं हसली, पण पोरांपेक्षा जास्त काकी. नव्वदीला टेकल्यात, ऐकू कमी येतं, तिकीट अगदी डोळ्याजवळ नेऊन बघितलं, बोटाने चाचपलं (चिमटा कुठला आता), आणि मला म्हणाल्या, "यांनी आयुष्यभर तिकिटं पाण्यात भिजवली. हे भिजवलं असतं तर?"

दूध उतू गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.