तुम्ही विचारलेत म्हणून : खांबांवरच्या घरातला दिवा

आमच्या तळघरातील मॉडेल रेल्वे पाहायला येणाऱ्या मराठी मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बंदराच्या कडेला लाकडी खांबांवर उभे असलेले मासळीचे दुमजली गोदाम अंधारात पाहिले, की ते म्हणतात, "इथे आत खरोखर कोणीतरी रात्रपाळी करत आहे असे वाटते. आम्ही आमच्या स्टेशनच्या इमारतीत दिवा बसवला, तर सगळे स्टेशनच आकाशकंदिलासारखे उजळते. तुम्ही कोणता दिवा वापरता?" विचारणाऱ्यांपैकी काहींनी पुण्यात कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिलेले असते, काहींनी घरी स्वतःचा लहानसा लेआउट, म्हणजे रूळ आणि इमारतींची छोटी मांडणी, उभारलेला असतो, आणि सर्वांना दिव्याचे नाव व क्रमांक हवा असतो.

दिवा तुमच्याकडे आहे तोच मी वापरते. या गोदामाच्या बांधणीत दिवे बसवायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ प्रकाश नको तिथून बाहेर पडू नये म्हणून खर्च झाला, आणि हे सगळे काम पहिल्या दोन भिंती एकमेकींना चिकटवण्याआधी करावे लागले. तुमच्या स्टेशनचा आकाशकंदील होतो तो दिव्यामुळे नव्हे, भिंतींमुळे होतो. समुद्राच्या कडेला, खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीत तर ही अडचण दुप्पट होते, कारण तिच्या खाली जमीनच नसते.

माझा लेआउट अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदराचा आहे आणि त्यातील काळ 1953 च्या हिवाळ्याआधीच्या दिवसांचा आहे. तेथील कमर्शियल स्ट्रीट हा रस्ता 1850 च्या दशकात किनाऱ्यावर भराव घालून तयार झाला. त्याच्यावरून रूळ गेले आणि त्याच्या एका बाजूने बोटांसारखे धक्के समुद्रात शिरले. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठत असे, म्हणून माँट्रियलला बारमाही बर्फमुक्त बंदर हवे होते, आणि त्यासाठी पोर्टलंडपर्यंतची रेल्वे 1853 मध्ये पूर्ण झाली. मेन सेंट्रल रेल्वेची वाफेची इंजिने 1954 मध्ये थांबली. मला वाफेचे इंजिन हवे होते आणि विजेचे दिवेही हवे होते, म्हणून मी त्याच्या आदल्या वर्षाची निवड केली. गोदाम मात्र पोर्टलंडमधील कोणत्याही एका खऱ्या इमारतीची प्रतिकृती नाही. लेझरने कापलेल्या बासवुड या मऊ, फिकट लाकडाचा तो एक तयार संच आहे. माप एचओ, म्हणजे 1:87. या मापात खरा एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि सहा फुटी माणूस आपल्या करंगळीच्या पेरापेक्षाही लहान दिसतो.

संचातील भिंती जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या असतात. एवढ्या पातळ लाकडातून एलईडीचा प्रकाश आरपार जातो आणि भिंत आतून तांबूस पेटल्यासारखी दिसते. तो प्रकाश अडवायचा, तर आतून काळा रंग द्यावा लागतो. परंतु पातळ लाकडाच्या एकाच बाजूला पाण्यात मिसळलेला रंग लागला, की ती बाजू फुगते आणि भिंत पापडासारखी वळते. म्हणून मी प्रथम प्रत्येक भिंतीच्या मागे खिडक्यांना चुकवून चौकोनी पट्ट्यांचा आधार चिकटवला, मग बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या काळ्या शाईचा हलका हात दिला, भिंती जड पुस्तकांखाली रात्रभर वाळवल्या आणि त्यानंतरच आतील रंगाला हात घातला. शाईचा हात जोडणीच्या आधी देण्याला आणखी एक कारण आहे. गोंद लागलेल्या जागी लाकूड शाई पीत नाही, आणि नंतर तेथे पिवळट डाग राहतो तो कशानेही जात नाही. आतून काळ्या रंगाचे दोन हात, आणि ज्या खोल्यांत दिवा लागणार तेथे त्यावर एक हात मळकट पांढरा. हा पांढरा हात विसरू नये, कारण काळ्या खोलीत दिवा लागला तरी खिडकीतून नुसता एक ठिपका दिसतो, खोली दिसत नाही.

चार भिंती उभ्या राहिल्यावर मी छप्पर नुसते वर ठेवले, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि तळघरातील बाकीचे सगळे दिवे बंद केले. ही परीक्षा प्रत्येकाने करावी असे मी आवर्जून सांगते, कारण दिवसा निर्दोष दिसणारी इमारत तेव्हा चाळणीसारखी दिसते. चारही कोपऱ्यांतून उभ्या रेघा दिसल्या, वळचणीखालून एक लांब आडवी रेघ दिसली, आणि सर्वांत वाईट म्हणजे गोदामाखाली जेथे पुढे पाणी ओतायचे होते ती जागा उजळली. संचात तळमजल्याला जमीन दिलेलीच नव्हती. भिंती थेट धक्क्याच्या फळ्यांवर बसत होत्या आणि फळ्यांमधील फटींतून प्रकाश खाली गळत होता. कोपऱ्यांना आतून काळी पट्टी, वळचणीला छपराच्या आतून चिकटवलेला ॲल्युमिनियमचा कागद आणि खाली काळ्या पुठ्ठ्याची अखंड जमीन, एवढ्याने काम भागले. छप्पर मात्र मी आजही चिकटवलेले नाही; ते चार लहान लोहचुंबकांवर बसते, कारण कधीतरी एखादा दिवा जाणारच.

आता खांबांविषयी, कारण या संचात माझा जीव सर्वांत जास्त तेथेच गुंतला. संचाच्या कागदावर सगळे खांब एकसारखे राखाडी रंगवायला सांगितले होते. माझे बालपण रत्नागिरीत गेले, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात ओहोटीच्या वेळी खांबांकडे पाहत मी किती तास काढले असतील याची गणती नाही. भरती-ओहोटीत उभा असलेला खांब कधीच एकरंगी नसतो. वरचा भाग उन्हाने विटलेला असतो, त्याखाली भरतीच्या रेषेशी बार्नकल या लाकडाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवाच्या कवचांचा खरबरीत पांढरट पट्टा असतो, त्याच्याखाली शेवाळाचा हिरवा आणि अगदी पाण्यालगत ओला काळा. पोर्टलंडमध्ये भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सरासरी 9 फुटांचा फरक असतो, म्हणजे माझ्या मापात सुमारे 3 सेंटीमीटर. एवढा पट्टा दिसावा म्हणून मी मुद्दाम ओहोटीची वेळ निवडली.

लाकूडही नुसते लाकूड नव्हते. टेरेडो हा लाकूड पोखरणारा समुद्री जीव आहे. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. 1919 ते 1921 या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात त्याने एकामागून एक धक्के पोखरून कोसळवले होते. त्याला रोखण्यासाठी धक्क्यांचे खांब डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलात मुरवत असत, आणि असे खांब मुळातच गडद तपकिरी-काळे असतात. म्हणून मी प्रत्येक खांबावरून तारेचा ब्रश लांबीच्या दिशेने ओढून रेषा उठवल्या, तो आधी काळपट तपकिरी केला, आणि मग वरून खाली येत एकेक पट्टा चढवला. बार्नकलसाठी पांढऱ्या रंगात बारीक चाळलेला बेकिंग सोडा मिसळला. हे चाळीस खांब मी तीन आठवडे रंगवत होते आणि पुन्हा करावे लागले तरी तेवढाच वेळ देईन. त्या गडद खांबांमुळेच फळ्यांखालचा काळोख दाट राहतो, आणि वरची खिडकी उजळ दिसते ती त्या काळोखाशेजारी.

याच खांबांनी तारांचा प्रश्नही सोडवला. जमिनीवरच्या इमारतीत तारा जोत्यातून खाली नेता येतात आणि कोणाला दिसत नाहीत. येथे जोते नाही, फळ्यांखाली जवळजवळ 5 सेंटीमीटर मोकळी हवा आहे आणि पाहणाऱ्याचे डोळे बरोबर त्याच उंचीवर येतात. त्यामुळे मागच्या रांगेतील एक खांब मी लाकडाऐवजी 3.2 मिलिमीटर व्यासाच्या पितळी नळीचा केला. वरून लाकडाच्या भुशाची पुटी आणि गोंद यांचा पातळ थर दिल्यावर तो साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या एक फूट जाडीच्या खांबाएवढा झाला. मोटारीच्या वाइंडिंगची इनॅमल चढवलेली बारीक तार त्यातून सहज जाते. सात दिव्यांसाठी सात तारा आणि सर्वांना सामाईक अशी एक, अशा आठ तारा त्या एका खांबातून खाली उतरतात. खांब कोणता, हे मी सांगितल्याशिवाय आजवर कोणालाही ओळखता आलेले नाही.

दिव्यांचा हिशेब तुम्ही विचारता तो असा. वीजपुरवठा 12 व्होल्टचा आहे आणि तो गाडीच्या रुळांपासून पूर्णपणे वेगळा आहे, कारण साध्या पद्धतीच्या लेआउटवर रुळांतून वीज घेतली तर गाडी हळू झाली की गोदामाचे दिवेही मंदावतात. उबदार पांढऱ्या एलईडीवर सुमारे 3 व्होल्ट खर्च होतात, उरलेले 9 रेझिस्टरने, म्हणजे विजेचा प्रवाह रोखणाऱ्या लहानशा भागाने, सोसायचे असतात. पुस्तकी हिशेबाने 470 ओहमचा रेझिस्टर लावला तर 19 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तो दिवा या मापात सर्चलाइटसारखा दिसतो. बहुतेकांची चूक येथेच होते. मी मासळी भरण्याच्या दालनाला 2.2 किलोओहम, वरच्या कचेरीला 4.7 आणि दारावरच्या टोपीच्या दिव्याला 10 किलोओहम लावले आहेत; शेवटच्या दिव्यातून एक मिलिअँपिअरही वाहत नाही आणि तो पुरेसा आहे. हे रेझिस्टर मी इमारतीत न ठेवता लेआउटच्या फळीखाली ठेवले आहेत, त्यामुळे छपराला हात न लावता एखादी खोली मंद किंवा प्रखर करता येते.

रंगही सगळीकडे एक नाही. कचेरीत आणि दारावर 2700 केल्विनचा पिवळसर प्रकाश आहे. दालनात थोडा अधिक पांढरा आहे, कारण फ्लुरोसंट नळ्या अमेरिकेत 1938 पासून बाजारात होत्या आणि 1953 मध्ये मासळी निवडण्याच्या लांब टेबलावर त्या असणे अगदी संभवते. चौदा खिडक्यांपैकी फक्त पाच उजळतात. बाकीच्यांच्या मागे काळ्या पुठ्ठ्याचे आडोसे घालून खोल्या वेगळ्या केल्या आहेत. रात्री दहा वाजता कोणत्या गोदामाच्या सगळ्या खोल्यांत दिवे असतात? कचेरीत हिशेब लिहिणारा एक माणूस, खाली दोन-तीन कामगार, आणि जिन्यात कोणी तरी विसरलेला एक दिवा, असे मी आधी कागदावर लिहून काढले आणि मग सोल्डरिंगची कांडी तापवली. ज्या खोलीत कोण आहे हे मला सांगता येत नाही, त्या खोलीत मी दिवा लावत नाही.

पाणी, म्हणजे घट्ट झाल्यावर पाण्यासारखे दिसणारे रेझिन, सर्वांत शेवटी ओतायचे, आणि तेही दिवे लावून. यात मी एक मोठी चूक केली, ती सांगते म्हणजे तुमची टळेल. पितळी खांब जेथे फळीतून खाली जातो ते भोक मी नीट बुजवले नव्हते. दोन भागांचे इपॉक्सी रेझिन तासन्तास पातळ राहते आणि केसाएवढ्या फटीतूनही वाट काढते. सकाळी माझा जवळजवळ अर्धा समुद्र तळघराच्या जमिनीवर घट्ट झालेला होता, आणि त्यात रेझिस्टरची संपूर्ण पट्टी अडकली होती. ती पट्टी मला नव्याने करावी लागली. उरलेले रेझिन खांबांच्या रेषांतून वर चढले होते आणि प्रत्येक खांबाभोवती एक चकचकीत बाही तयार झाली होती. त्यांची चमक मी मॅट वॉर्निशने एकेक करून घालवली. दुसऱ्यांदा मी भोक बुजवून एक दिवस वाट पाहिली, आणि रेझिन एकदम न ओतता तीन-तीन मिलिमीटरच्या थरांनी ओतले.

ते नीट जमले तरी समाधान झाले नाही. गुळगुळीत रेझिनमध्ये दारावरचा दिवा आरशातल्यासारखा एक ठिपका होऊन दिसत होता. बंदरात रात्री पाहिलेला दिवा पाण्यात ठिपका होऊन कधीच दिसत नाही. लाटांच्या असंख्य लहान उतारांवरून तो परावर्तित होतो आणि आपल्याकडे येणारी एक लांब, तुटक रेघ बनतो. म्हणून मी घट्ट झालेल्या रेझिनवर चकचकीत ॲक्रिलिक जेलचा पातळ थर दिला आणि ताठ ब्रशच्या टोकाने, पाहणाऱ्याच्या नजरेला आडव्या अशा, दोन-अडीच मिलिमीटरच्या लहरी उठवल्या. हे काम खोलीतले दिवे बंद ठेवून आणि फक्त गोदामाचे दिवे लावून केले, कारण कोणती लहर प्रकाश पकडते ते उजेडात कळत नाही. जेल ओला असताना दुधासारखा दिसतो, तेव्हा रात्रभर वाट पाहावी लागली. दुसऱ्या दिवशी तो पारदर्शक झाला, आणि दारावरच्या त्या एका मिलिअँपिअरच्या दिव्याची रेघ खांबांच्या काळोखातून निघून लेआउटच्या कडेपर्यंत, साधारण 11 सेंटीमीटर, माझ्या हातापाशी आली.